भरतीच्या वेळचा सराव

या प्रसंगावर मी आधी पत्रक लिहायला घेतलं होतं. जमलं नाही. पत्रकाला खाली मागण्या लागतात, आणि मागण्या कोणाकडे करायच्या तेच ठरेना. समुद्राकडे? म्हणून हे असं सलग लिहिते आहे.

मी बोईसरची. वडील औद्योगिक वसाहतीत कामाला, मूळ गाव सांगलीकडे. कॉलेजपासून मी नाल्यांच्या रंगीत पाण्यावर पत्रकं वाटत आले. स्टेशनबाहेर लोक पत्रक घेतात आणि त्यावर भजी ठेवून खातात, हेही मला माहीत आहे. त्या वर्षी पावसाळा उतरताना तारापूरच्या बाजूला, किनाऱ्यावरच्या एका गावात, आंतरराष्ट्रीय निसर्ग शिबिर भरलं. कुठल्या कुठल्या देशांतली पोरं स्वतःचे पैसे घालून येणार, शाळेत झोपणार आणि श्रमदान करणार. इथली भाषा येते म्हणून मला त्यात घेतलं.

काम सोपं होतं. लाटा दरवर्षी गाव खात होत्या. किनाऱ्याला समांतर बांबू ठोकायचे, त्यांत सुरूच्या फांद्या काथ्यानं विणायच्या, आणि त्या कुंपणाच्या आडोशाला मर्यादवेलीच्या कांड्या लावायच्या. फांद्यांत वाळू अडकते, वेल ती धरून ठेवते. वेल धरेपर्यंत कुंपणानं टिकायचं. बस्स, एवढंच.

समुद्राला सगळ्यात जवळचं घर आमच्या आजीचं. आमची म्हणजे शिबिराची. स्वयंपाक तिच्याकडे होता. पुढे ओटी, मधे माजघर आणि मागे, थेट वाळूवर, रांधणाची खोली. त्या रांधणात बसून आम्ही तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी खायचो आणि भिंतीपलीकडे लाट फुटायची. पहिल्या दिवशी मला तो आवाज छान वाटला होता. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की आवाज भिंतीपलीकडून येत नाही, खालून येतो.

आजीचा मुलगा बोईसरला औषधाच्या कारखान्यात. भाड्याची एक खोली, बायको, दोन पोरं. तो दर आठवड्याला यायचा आणि तेच म्हणायचा, "आये, चल."

"तुज्या खोलीत पाय पसरला की भिंतीला लागतो. शेजारी सगले हिंदी बोलतात. मी काय तिथं मुकी बसू?"

"आनि घर पडलं तर?"

"रांधन हाय तवर मी हाय. ज्या दिवशी रांधन जाईल त्या दिवशी मी आपल्या पायानं येते. झालं?"

हे ती आम्हा सगळ्यांसमोर, परातीत पीठ मळता मळता बोलली होती. तेव्हा सगळे हसले. मी ते बाकीच्यांना इंग्रजीत सांगितलं, तेव्हा तेही हसले. एक जपानी मुलगी होती, ती हसली नाही.

तिच्याबद्दल सांगायला हवं. बारीक, शांत, विशी नुकतीच ओलांडलेली. काम करताना आम्ही सगळे समुद्राकडे पाठ करून वाकायचो, कारण ऊन आणि वारा तिकडून. ही एकटी समुद्राकडे तोंड करून बसायची, डोळे बारीक करून, वाळू खात. आजीनं तिला जवळ बसवून भाकरी थापायला शिकवली. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं आणि दोघी तासभर बोलत बसायच्या. आजी तिला 'जपानीन बाय' म्हणायची.

आता संतापाची गोष्ट. कुंपणाची सुरुवात कुठून करायची? धोका आजीच्या घराला, म्हणजे तिथून. साधा हिशेब. पण उद्घाटनाला पाहुणे येणार होते आणि त्यांची गाडी गावाच्या दुसऱ्या टोकापर्यंतच येत होती. वाळूतून चालायला नको, म्हणून कुंपण दुसऱ्या टोकापासून सुरू झालं. फीत तिथे, फोटो तिथे, 'पृथ्वी वाचवा' लिहिलेले शर्ट तिथे. मी भांडले. शिबिराचे प्रमुख म्हणाले, "अगं, येणारच आहोत ना आपण तिकडेपर्यंत." पृथ्वी वाचवायला निघालेल्या माणसांना शंभर पावलं चालवत नाहीत! दुसरा आठवडा लागला तेव्हा कुंपण दिमाखात उभं होतं आणि त्याचं शेवटचं तोंड, नेमकं आजीच्या रांधणामागे, उघडं होतं.

पुनवेच्या दिवशी मोठी भरती होती, दुपारी जेवणाच्या सुमारास. सकाळी लवकर लागून गोणी भरायच्या आणि ते तोंड बुजवायचं, असं ठरलं. आम्ही गोणी भरत होतो तेवढ्यात लाउडस्पीकर लावलेली जीप आली.

"हा फक्त सराव आहे. कोणीही घाबरून जाऊ नये. सायरन वाजताच सर्वांनी घरात जावे. दारे-खिडक्या बंद कराव्यात. हा फक्त सराव आहे."

अणुवीज केंद्राच्या आसपासच्या गावांत असा सराव होतो, हे मला माहीत होतं. पण तो आज, हे शिबिरातल्या कोणाला माहीत नव्हतं. गावात त्या सकाळीच दवंडी फिरली होती. आजीनंही ती तेव्हाच ऐकलेली. तिनं जीपवर बसलेल्या पोराला गाठलं. पोरगा गावातलाच, गळ्यात ओळखपत्र, एकदम साहेब झालेला.

"का रं, तुमच्या सरावाला भरती दिसत नाय? जेवनानंतर घ्या म्हनावं."

"आजी, वरनं ठरलंय. तू आत जा. आज तू बाधित हायस."

"बाधित तुजा बाप."

जीपवरचे सगळे हसले. पोरगाही हसला. तरी जीप पुढे गेली, तेच वाक्य म्हणत.

मी गोणी सोडली नाही. म्हटलं, वाजू दे सायरन, आपण भरत राहू. तेव्हा आजीनंच माझा दंड धरला. परदेशी पोरांना या गावात राहायची परवानगी मिळवताना काय काय झालं होतं ते तिला पाठ होतं. पोलीस तिच्याच ओटीवर चहा प्यायले होते. सरावाच्या वेळी एक जरी गोरा पाय किनाऱ्यावर दिसला असता तर संध्याकाळी शिबिर बंद.

"ह्या पोरांना गाडीत घालून धाडतील. मग उरलेलं कोन बांधील? तू? एक भरती जाऊ दे. एका भरतीत काय होतंय?"

तिनं तिचं ठरवलं होतं. एक भरती देऊन शिबिर राखायचं. मी गोणी खाली टाकली. बाकीची पोरं शाळेकडे पळाली. मी आणि जपानी मुलगी आजीच्या घरी गेलो.

सायरन वाजला.

गाव बंद होताना मी कधी पाहिलं नव्हतं. संप पाहिलाय, बंद पाहिलाय, पण त्यात आरडाओरडा असतो. इथे फक्त कड्या लागल्या. एक, मग दुसरी, मग एकदम सगळ्या. कोंबड्या आत, शेळ्या आत. दारांच्या फटींत ओले कपडे. बोंबील वाळायच्या काठ्या उन्हात भरलेल्या, आणि त्यांच्याखाली राखायला कोणी नाही. कुत्री तेवढी बाहेर राहिली. ती रस्त्याच्या मधोमध बसली आणि बंद दारांकडे बघू लागली.

"कमी खिडक्यांच्या खोलीत बसा," असं सांगितलं होतं. आजीकडे ती खोली म्हणजे रांधण. एकच खिडकी, हातभर. आजीनं चटई उचलली आणि आत निघाली.

जपानी मुलगी दारात आडवी उभी राहिली.

मला वाटलं घाबरली असेल. मी इंग्रजीत तेच जीपवालं वाक्य म्हटलं, हा फक्त सराव आहे. तिनं मान हलवली. ती जपानच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावरची. शाळेत असताना एकदा त्सुनामीचा खरा सायरन ऐकलेली. त्यांच्याकडे समुद्राकाठी सायरन वाजला की घरात शिरत नाहीत. घर सोडून उंचावर पळतात. लहानपणापासून पायांना तेवढंच शिकवलेलं.

"इथे तसा नाही," मी म्हटलं. "इथे आत बसायचं."

"समुद्र तोच आहे," ती म्हणाली. आवाज अगदी साधा, भाजी कुठून आणली सांगावं तसा.

बाहेर पडायला बंदी. रांधणात ती जाऊ देईना. तिनं आजीचा हात धरला तो सोडेचना. शेवटी आजीच वैतागली. "बरं बाय, तुजं खरं. वटीवर बसू. सरकारला नको सांगू." आम्ही पुढच्या ओटीवर बसलो. ओटीला लाकडी गज होते, त्यांना आजीनं लुगडं बांधलं. माजघर ओलांडून पलीकडे रांधणाचं दार, लोटलेलं.

लुगड्याच्या विणीतून गल्ली दिसत होती, पिवळट. पांढऱ्या पोशाखातली माणसं आली. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी, तोंडाच्या जागी काच. चालताना त्यांचा आवाज होत नव्हता. एकानं हातातलं यंत्र बोंबलांपुढे धरलं, मग कुत्र्यापुढे. कुत्रं भुंकलं नाही. मागे सरकलं. कुठल्यातरी बंद घरात फोन वाजत होता आणि कोणी उचलत नव्हतं. वाजून वाजून थांबला, आणि मग दुसरा काही आवाज नाही म्हणून तो आवाज ऐकू आला.

बशीतून चहाचा फुरका मारावा तसा. घराखालून. एक फुरका, मग शांत. मग पुन्हा.

"दर्या वाळू वढतोय," आजी म्हणाली.

मी उठले. तिनं मला पदराला धरून बसवावं तसं ओढणीला धरून बसवलं. पांढरी माणसं समोरच उभी होती. जपानी मुलीनं घड्याळाकडे पाहिलं नाही, आमच्याकडे पाहिलं नाही. ती रांधणाच्या दाराकडे पाहत होती. मीही पाहू लागले. जुनं दार, फळ्यांमधे फटी. पलीकडे नेहमीचा काळोख. चुलीच्या धुरानं काळं झालेलं ते रांधण भर दुपारीही अंधारंच असायचं.

भिंत पडल्याचा आवाज मी ऐकला नाही. पुष्कळांनी नंतर विचारलं, धडाम झालं असेल ना? नाही. भिंत पडली नाही, बसली. म्हातारं माणूस गुडघ्यावर हात ठेवून बसतं तशी. आम्हाला फक्त एवढं दिसलं की दाराच्या फटींत उजेड आला. आधी खालच्या फटीत, मग सगळ्या. पांढरा, लख्ख, हलणारा.

"उजेड कसा काय आला?" आजी म्हणाली.

आम्ही तिघी त्या उजेडासमोर बसून राहिलो. दार उघडायला कोणी उठलं नाही. दाराखालून पाणी आलं, माजघराच्या मध्यापर्यंत येऊन थांबलं, आणि जाताना चुलीतली राख मागे ठेवून गेलं.

सायरन पुन्हा वाजला, लांबलचक, सुटकेचा. जीप आली. "सराव यशस्वी झाला आहे. सहकार्याबद्दल आभार." औषधाची गोळी द्यायचा सराव म्हणून घरोघर लिमलेटच्या गोळ्या वाटल्या. जीपवरच्या त्या पोरानं आजीच्या हातावर दोन ठेवल्या. मग त्याला घराच्या आरपार समुद्र दिसला. त्याचा हात तसाच राहिला.

"आजी..."

"गोड हाय रं औषध," ती म्हणाली आणि एक गोळी जपानी मुलीच्या तोंडात घातली.

मी काय केलं? बोलले. मला तेच येतं. प्रमुखांना बोलले, जीपवाल्यांना बोलले, उद्घाटनाच्या फोटोला बोलले. जर्मनीहून आलेला एक पोरगा म्हणाला, आपण इतके जण आहोत, आठवड्यात भिंत बांधू. मी ते आजीला उत्साहानं सांगितलं.

"आनि फुडल्या पुनवेला?"



संध्याकाळी मुलगा आला. या वेळी "चल" म्हणाला नाही. माजघरात उभा राहून त्यानं समुद्र पाहिला आणि आईचं गाठोडं उचललं. तिनं शब्द दिला होता आणि तो सगळ्यांसमोर दिला होता. पण निघण्याआधी ती मागच्या मोकळ्या बाजूनं बाहेर आली. आमच्या मर्यादवेलीच्या कांड्यांचा भारा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता. तो तिनं काखेत घेतला. मला वाटलं, ती तो घरामागे ठेवणार. ती घराला वळसा घालून पुढच्या अंगाला आली, गल्ली ओलांडली, आणि तिचं घर आणि समोरच्या शेजारणीचं घर यांच्या मधे भारा ठेवला.

"हितनं लावा."

म्हणजे तिचं घर रेषेच्या पलीकडे. समुद्राच्या बाजूला. शेजारीण दारात उभी होती.

मग आजीनं ओटीच्या दाराला कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं, आणि किल्ली कमरेला खोचली. मागे भिंत नव्हती. पुढे कुलूप होतं. मला हसू यायला हवं होतं.

उरलेले दिवस आम्ही तिनं दाखवलेल्या रेषेवर काम केलं. मोकळ्या पाठीतून वारा आत शिरायचा आणि आतून दार ढकलायचा. कुलूप खडखडायचं. कोणीतरी आत अडकलंय आणि धीरानं वाट बघतंय असं. पहिल्या दिवशी जर्मन पोरगा दोनदा उठून बघून आला. नंतर कोणी उठलं नाही. आणि कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, तरी आता आम्ही सगळेच समुद्राकडे तोंड करून बसत होतो.

शेवटच्या दिवशी गावातल्या बायाही वेल लावायला आल्या. दुपारी वारा फिरला आणि त्यावर कुठल्यातरी कारखान्याच्या पाळीचा भोंगा आला. रोजचाच, पुसट, एरवी कोणाच्या कानावरही न पडणारा. सगळ्यांचे हात थांबले. कोणी वीज केंद्राकडे पाहिलं नाही, कोणी घराकडे पळालं नाही. सगळ्यांनी पाणी कुठवर आलंय ते पाहिलं.

पाणी लांब होतं, ओहोटी होती. बाया पुन्हा वाकल्या. शेजारीण मात्र उठली, हात झटकले आणि घरात गेली. आतून काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं ती वाकून, मागे मागे चालत बाहेर आली आणि आपली चूल, रांधताना पाणी दिसेल अशी, पुढच्या ओटीवर मांडून गेली.