गुडघ्यातला ठेका

बारामतीच्या बाजारात बांगड्यांचं एक जुनं दुकान होतं. दुकानदाराचा मुलगा माझा लहानपणापासूनचा दोस्त. दिवसा तो बापाबरोबर बायकांच्या हातात बांगड्या भरायचा आणि संध्याकाळी आमच्या कलापथकात ढोलकी वाजवायचा. मी पेटी वाजवायचो, म्हणून तो मला मास्तर म्हणायचा. बाकीच्यांनीही तेच उचललं.

आम्ही स्टेजवर बसायचो तेव्हा त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकलेला असायचा. बघणाऱ्याला वाटायचं, जागा कमी म्हणून दाटीवाटीनं बसलेत. खरी गोष्ट अशी होती की मला ढोलकी ऐकू येत नव्हती. ठेका मला त्याच्या गुडघ्यातून कळायचा. हे आम्हा दोघांखेरीज कुणाला माहीत नव्हतं.

पन्नास साल नुकतंच उलटलं होतं. मी विशी ओलांडली होती आणि माझे कान चालले होते. सुरुवात कशी झाली ते मला नीट आठवतं. आमचं घर रुळांपासून जवळ. दौंडहून येणारी छोटी गाडी आली की भांडी थरथरायची. एका संध्याकाळी मी आईला म्हटलं, "आज गाडीला उशीर झाला वाटतं." आई भाकरी थापत होती. तिनं वळून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "गाडी येऊन गेली की रं. माणसं घरी जाऊन जेवायला बसली आसतील."

मग आईनं लसूण घालून कढवलेलं तेल कानात ओतलं. शेजारणींनी जे जे सांगितलं ते सगळं ओतलं. कानात काय काय गेलं ते विचारू नका. आवाज तेवढा गेला नाही. पुण्याच्या डॉक्टरनं तपासलं आणि सांगितलं की कानाच्या आतलं हाड धरत चाललंय, हळूहळू सगळंच बंद होईल. वर म्हणाला, पेटी आता शौक म्हणून ठेवा. मला त्या माणसाचा अजून राग येतो. शौक कसला? मला दुसरं काही येतच नव्हतं. पेटी काढून घेतली तर दोन वेळ जेवायला बसणारा एक माणूस, एवढाच मी उरत होतो.

एक गोष्ट मला माझी मीच सापडली. पेटीच्या कडेला हनुवटी टेकवून दात घट्ट मिटले की आवाज हाडातून आत यायचा. चांगला, स्वच्छ. कानानं कधी ऐकला नव्हता इतका जवळून. लोक म्हणायचे, मास्तर काय तल्लीन होतात बघा. मी तल्लीन वगैरे काही नव्हतो, जीव मुठीत धरून बसलेलो असायचो. माझी पेटी मला दातांतून ऐकू यायची आणि दोस्ताचा ठेका गुडघ्यातून कळायचा. फक्त गाणाऱ्या बाईंचा आवाज कुठूनच यायचा नाही. पण त्या नेहमी काळी चारमध्ये गायच्या. पट्टी ठरलेली, गाणी पाठ. ओठांकडं बघून मी ओळ धरायचो. असं वर्षभर निभावलं.

त्याच सुमारास पुण्याची एक सिनेमा कंपनी शूटिंगसाठी इंदापूरला आली आणि तिथल्या धर्मशाळेत उतरली. त्यांच्या संगीतकाराला गावाकडच्या चाली ठाऊक असलेला, पेटीवर बसणारा माणूस हवा होता. कुणीतरी आमच्या पथकाचं नाव सांगितलं. निरोप आला की दुपारी येऊन गाऊन-वाजवून दाखवा.

मला ती जागा किती हवी होती ते सांगून कळायचं नाही. कलापथकात दुसऱ्याच्या गळ्यामागं धावावं लागतं, त्याला कान लागतात. चाल मात्र डोक्यात बांधता येते, आणि माझ्या डोक्यात आवाज तसाच होता, जराही कमी झालेला नव्हता. पुण्याला स्टुडिओत एकदा शिरलो की मी चाली बांधीन, वाजवायला दुसरे असतील, असा माझा हिशेब होता. कान पूर्ण जायच्या आत तिथं पोचायचं, एवढंच उरलं होतं.

इंदापूरला आम्ही एसटीनं गेलो. गाणाऱ्या बाईंचा घसा बसला होता. खाली उतरता उतरता त्यांनी दोस्ताला सांगितलं की आज वरचं झेपायचं नाही, पट्टी उतरवून काळी तीनमध्ये घेऊ. मला हे नंतर कळलं. दोस्तानं धर्मशाळेच्या ओट्यावर बसून ढोलकीच्या कड्या सरकवल्या, दोर सैल केले, ढोलकीचा सूर खाली उतरवला. हे त्यानं माझ्यासमोर केलं. आमच्यात सगळं असंच चालायचं, हातांनी, न बोलता. त्याला वाटलं, मास्तरनं बघितलं. मास्तर मान खाली घालून पेटीच्या भात्यावरची एसटीतली धूळ झटकत होते.

त्या दुपारी मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वाजवलं. हे मी आजही सांगतो. हनुवटी टेकवली, दात मिटले आणि माझी काळी चार माझ्या डोक्यात भरून राहिली. बोटं चुकत नव्हती. मी मनाशी म्हणत होतो, झालं, सुटलो. मध्येच दोस्ताचा गुडघा थांबला. मला वाटलं हा गडी घाबरला, ठेका सोडला यानं. मी त्याला गुडघ्यानं ढोसलं आणि एकटाच पुढं वाजवत राहिलो. अख्खा अंतरा वाजवला. मग मान वर केली.

बाईंचं तोंड मिटलेलं होतं. त्या गायच्या थांबून किती वेळ झाला होता कोण जाणे. आमचे लोक जमिनीकडं बघत होते. संगीतकार शेजारच्या माणसाकडं वळून काहीतरी म्हणाला आणि स्वतःच्या कानाला बोट लावलं. तो हसला नाही. हसला असता तर मी त्याच्या अंगावर धावून तरी गेलो असतो. कोपऱ्यातल्या ट्रंकेवर सिनेमाचा दिग्दर्शक बसला होता. तो एकटा जमिनीकडं न बघता माझ्याकडं बघत होता. ते मला जास्त लागलं.

परत जाताना एसटी स्टँडवर दोस्त माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला, "चूक माझी हाय. म्या तुला हात लावून सांगाया पायजे व्हतं." सगळा स्टँड आमच्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, "गुडघ्यातून ठेका कळतो, सूर कळत नाही. तुझी काय चूक." तो आणखी काही म्हणाला, पण मी तोंड फिरवलं. ज्याला ऐकू येत नाही त्याला एवढी एक सोय असते.

कलापथकानं मला काढलं नाही. त्यांनी फक्त पुढच्या कार्यक्रमाचा निरोप धाडला नाही, आणि त्याच्या पुढच्याचाही नाही. पेटी मी आईच्या जुन्या लुगड्यात बांधून माळ्यावर टाकली. त्या उन्हाळ्यात मी रोज कॅनॉलच्या कडेला जाऊन बसायचो. पाणी भरून वाहत असायचं आणि त्याचा आवाज नसायचा. वाटायचं, यात गेलो तरी पडल्याचा आवाजसुद्धा आपल्याला यायचा नाही. आई माझ्या पाठोपाठ धुणं घेऊन यायची आणि थोडं खाली बसून कपडे धुवायची. एकदा मी बघितलं तर बादलीत माझा सदरा होता, सकाळीच धुऊन वाळलेला. ती धुतलेलेच कपडे पुन्हा धुवायला आणत होती. दुसऱ्या दिवशीही आम्ही दोघं तिथंच.

एक दिवस दोस्त घरी आला आणि माझं मनगट धरून मला उठवलं. "घरात बसून अंडी घालणार हायस का? दुकानात येऊन बस," म्हणाला. हे त्याच्या ओठांवरून कळलं, आणि मला बऱ्याच दिवसांनी हसू आलं.

दुकानात मी गादीच्या कोपऱ्यात बसायचो. आवाज नसला की माणूस बघायला लागतो. माझ्या दोस्ताचे वडील म्हातारे होते, नजर कमी झाली होती. ते हाताचं माप हातानंच घ्यायचे. पंजा दाबून, अंगठा आत दुमडून एकेक बांगडी अशी चढवायचे की बाईला कळायचंही नाही. संक्रांतीच्या आधी दुकान बायकांनी भरून गेलं होतं. त्यांच्यामागं एक बाई पायरीवरच उभी होती. तिचा नवरा काही वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता आणि गावानं त्याला मेला असं धरून टाकलं होतं. पोरीला बांगड्या भरायला ती घेऊन आली होती. पोरीचं झालं. म्हाताऱ्यांनी पोरीचा हात सोडला आणि आपला हात तसाच पुढं धरून ठेवला. बाईनं मान हलवली. त्यांनी हात मागं घेतला नाही. इतर बायका बोलायच्या थांबल्या, ते त्यांच्या तोंडांवरून दिसलं. बराच वेळ तो रिकामा हात तसाच होता. मग ती बाई पायरी चढून वर आली आणि तिनं पदराखालून मनगट काढलं. म्हाताऱ्यांनी हिरव्या बांगड्या भरल्या.

कुणीच काही बोललं नव्हतं. मला सगळं कळलं होतं. तेवढ्यापुरता मी बहिरा नव्हतो.

त्या दिवसांत बारामतीला तंबू टॉकीज यायची. दोस्त मला ओढून न्यायचा. पडद्यावर माणसं समोरासमोर उभी राहून बोलत असायची, सारखी बोलतच असायची, आणि मी तळमळत बसायचो. अरे, काहीतरी करा की. हातात काही घ्या, दार लावा, पाठ फिरवा. एक दिवस रागानंच मी लिहायला बसलो. बांगड्या भरणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट लिहिली, प्रसंगामागून प्रसंग, कोण कुठं उभं आहे, कोण कुणाकडं बघतंय हे सगळं धरून. बोलणं लागेल तिथं आई आणि तिच्या मैत्रिणी पूर्वी कशा बोलायच्या ते आठवून लिहिलं. ते आवाज अजून डोक्यात होते आणि पुसट होण्याआधी मला ते कागदावर उतरवायचे होते. मी हावरटासारखा लिहीत होतो.

तीच कंपनी राहिलेलं काम उरकायला पुन्हा इंदापूरला आली, तेव्हा दोस्त मला न सांगता ते कागद घेऊन गेला आणि ट्रंकेवर बसणाऱ्या दिग्दर्शकाच्या हातात देऊन आला. मला कळलं तेव्हा मी त्याला नाही नाही ते बोललो. तो शांतपणे ऐकून घेत होता. त्याच्याकडं ऐकायला कान होते.

पुढं मला पुण्याला बोलावणं आलं. सिनेमा झाला, पण तो सरळ झाला असं समजू नका. माझं अर्धं लिहिणं गाळलं, शेवट बदलला, दोन नाच घातले. माझ्या चाली मी गुणगुणून दाखवल्या तर माझा सूर हलायचा. मला तो कळायचा नाही, समोरच्यांच्या चेहऱ्यावर दिसायचा. संगीत दुसऱ्यानं दिलं. मी एकाच जागी अडून बसलो. बांगड्यांच्या प्रसंगात दिग्दर्शकाला व्हायोलिन हवं होतं. मी म्हटलं, शब्द नको, वाद्य नको, काही नको. तो समोरच्या कागदावर लिहून मला विचारायला लागला, तुम्ही मुळात संगीतातले ना? मी म्हटलं, म्हणूनच. सुरासाठी मी जीव द्यायला निघालो होतो, आणि आता माझ्या एका जागेवरून सूर हाकलण्यासाठी भांडत होतो. त्यानं अखेर ऐकलं. घरी आल्यावर मी माळ्यावरची पेटी काढली, हनुवटी टेकवली, दात मिटले. काही आलं नाही. भाता हलत होता, बोटं चालत होती आणि हाडातूनही आता काही येत नव्हतं. मी खूप रडलो. आईनं पेटी उचलून पुन्हा लुगड्यात बांधली.

सिनेमा इंदापूरला तंबूत लागला तेव्हा दोस्त आणि मी पहिल्याच खेळाला गेलो. कनातीच्या पलीकडं बायका, अलीकडं पुरुष, सगळे मातीवर बसलेले. मी भीतीनं गार पडलो होतो. लोक हसले तर मला कळणार नव्हतं, शिव्या घातल्या तरी कळणार नव्हतं. पाठमोऱ्या डोक्यांवरून काय कळतं? दोस्तानं मांडी घातली, गुडघा माझ्या गुडघ्याला लावला आणि वर हात ठेवला. "म्या सांगतो तुला समदं," म्हणाला.

आणि त्यानं सांगितलं. लोक हसले की तो माझ्या गुडघ्यावर भरभर बोटं वाजवायचा. शिट्ट्या आल्या की थाप मारायचा. नाचाला तर त्यानं अख्खा ठेका धरला. माझ्या ओळींवर माणसं हसत होती आणि ते मला कितीतरी वर्षांनी त्याच जुन्या वाटेनं कळत होतं.

मग दुकान आलं. म्हातारा आला. पायरीवर ती बाई उभी राहिली आणि म्हाताऱ्यानं रिकामा हात पुढं धरला. दोस्ताची बोटं थांबली. मी वाट बघितली. काहीच नाही. मला वाटलं लोक उठून चालले, मशीन बिघडलं, कुणीतरी ओरडलं. मी त्याचा गुडघा हलवला. त्यानं पडद्यावरची नजर न काढता माझा हात बाजूला सारला.

त्याचे वडील जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पडद्याच्या उजेडात त्याचं तोंड ओलं दिसत होतं आणि मी शेजारी आहे हे तो पार विसरला होता. पुढचा प्रसंग आला, लोक हसले असतील, नसतीलही. त्याचा हात काही खेळ संपेपर्यंत माझ्या गुडघ्यावर परत आला नाही.