लीलाताईची बिनखिडकीची खोली

महिना झाला. आसगावहून ताईच्या दिराचा, बापूंचा फोन आला तेव्हा मी भंडाऱ्याला घरी भाजी निवडत होते. "लीलावहिनी गेल्या. बिचाऱ्या शांतपणे गेल्या," ते म्हणाले. मला आधी रडू नाही, रागच आला. माझी मोठी बहीण आयुष्यात एकदाही बिचारी नव्हती, आणि शांत तर ती झोपेतही नसायची.

भाऊजी गेल्यावर ती रंगकाम करणाऱ्या ठेकेदाराकडे भिंती घासायला जाऊ लागली. बाई शिडीवर चढली तर लोक काय म्हणतील, असं तो म्हणाला. "चढते अन् वरूनच विचारते त्यायले," असं म्हणून ही चढली. दोन वर्षांत ब्रश तिच्या हातात होता. दारं-खिडक्या रंगवून डब्यांच्या तळाशी तेलरंग उरायचा. लोक तो फेकायचे, ती घरी आणायची. तिची खोली बसकी, बिनखिडकीची. तिने छताला फिका निळा दिला आणि तोच वीतभर भिंतींवर उतरवला, तर छत उंच झाल्यासारखं वाटू लागलं. समोरच्या भिंतीवर खिडकीएवढा पिवळाधमक चौकोन काढला. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी रंगात बुडवून कोपऱ्यात ठसे उमटवले. आणि भाऊजींच्या छातीच्या जुन्या एक्स-रेमध्ये धानाच्या लोंबीचा आकार कापून भिंतीवर छापायला साचा केला... मी दचकलेच. "पेटीत सडवू काय त्याले? जलमभर धान पिकवलं त्यायनं, भितीवरबी पिकू दे," ती म्हणाली. बापूंना हे कधीच पटलं नाही. "वहिनी, हे घर आहे का नाटकाचा मंडप?" त्यांनी विचारलं. "नाटकाले तिकीट लागते, बापू. तुमी तं फुकट पाहून राहिले," ताईने ऐकवलं. नंतर सहा महिने दोघांत बोलणं नव्हतं, आणि ताईला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही.

तेरवीला गेले तर खोली पांढरीफटक. तेरवीच्या आधी घराला चुना मारायचा त्यांच्याकडे रिवाज. बापूंनी तो तेलरंगावरच मारला होता, भिंती न घासता. जन्मभर चुन्याच्याच भिंती पाहिलेल्या माणसाला तेलरंगावर चुना धरत नाही हे कोण सांगणार? ताईचा मुलगा प्रशांत मान खाली घालून म्हणाला, "काका म्हणे, तुह्या सोयरिकीचे पाहुणे येतीन, असं रंगीबेरंगी बरं नाही दिसत." मी भिंतीला टेकून मटकन बसले. उठले तेव्हा पाठ पांढरी झाली होती आणि भिंतीवर पाठीएवढा ताईचा रंग दिसत होता.

मी ओलं फडकं आणलं. बापू दारात आले. "शोभाबाई, रिवाज आहे."

"असन. तुमच्या खोलीत पाळा."

पहिली लोंबी फडक्याखालून वर आली आणि मी हमसून रडले. तेरा दिवसांत पहिल्यांदा. हात मात्र थांबवला नाही. मग प्रशांतने शिडी आणली, माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि छताला हात घातला.

"अरे, पाहुणे काय म्हणतीन?" बापू कळवळले.

प्रशांतने वळूनही पाहिलं नाही. "ज्यायले ही खोली चालत नाही, त्यायची पोरगी मले चालत नाही, काका."