गाळलेल्या चकरा

‘माहीत नाही’ हे उत्तर ऐकलं की आकडेबाईंना तिडीक यायची. घरात चहा कोणाकोणाला हवा, हे त्या एकदाच विचारत. जो चटकन बोलला नाही त्याचा कप गेला. थोरली नणंद त्यांच्याकडेच राहायची. तिला प्रत्येक उत्तर आधी मनात घोळवायची सवय, त्यामुळे बिचारीचा चहा बहुतेक वेळा हुकायचाच.

इस्पितळाच्या संशोधन विभागात बाई औषधांच्या चाचण्यांचे आकडे सांभाळत. तिथे त्यांना त्यांच्याइतकंच हट्टी कोणीतरी भेटलं. ते म्हणजे सरासरी काढणारं फंक्शन. संगणकावरच्या आकडेमोडीच्या पॅकेजबरोबर ते तयारच यायचं आणि एका रुग्णाचा रकाना जरी कोरा दिसला, तरी हात वर करून म्हणायचं, माहीत नाही. कोरे रकाने सोडून दे बाबा, असं त्याला दरवेळी वेगळं विनवावं लागे. बाई कोणाला विनवतात होय? त्यांनी त्या फंक्शनची नक्कल काढली, एक ओळ फिरवली आणि त्याच नावाने ती अशी बसवली, की संगणक सुरू होताच मूळ शहाणं बाजूला आणि बाईंचं हजर. आता ते कोऱ्या रकान्यांना मुकाट्याने गाळायचं. बाई खूश झाल्या आणि आपण असं काही केलंय हे पुढे साफ विसरून गेल्या.

मग रक्तदाबाच्या एका नव्या गोळीची चाचणी आली. बाईंनी नणंदेलाही भरीला घालून त्यात घुसवलं. तिने थोडे दिवस गोळी घेतली आणि चक्कर येते म्हणत बंद केली.

इकडे निकाल पाहून डॉक्टरसाहेबांना आभाळ ठेंगणं झालं. “मॅडम, चक्कर येण्याचा त्रास जवळजवळ नाहीच! उद्याच्या बैठकीत ही गोळी सगळ्या वॉर्डांत सुरू करून टाकू.”

बाई घरी आल्या त्या थेट गोळी हातावर घेऊनच. “वन्सं, ही घ्या बघू. सरासरी मी स्वतः काढलीय. चक्कर कोणालाच येत नाही, तुम्हालाच बरी येते?”

“असेल बाई,” नणंद म्हणाली. “पण मला कोणी विचारलंच नाही.”

“दर आठवड्याला तपासणीत विचारतात की!”

“तपासणीला गेलेच कुठे मी? एवढी चक्कर येत होती, जिना कोण उतरणार?”

बाईंच्या हातातली गोळी हातातच राहिली. आपण फिरवलेली ती ओळ त्यांना आत्ता आठवली. ज्यांना सगळ्यात जास्त चक्कर, तेच घरी पडून, आणि त्यांचेच रकाने कोरे. आणि ते गाळणारी वरून छाती काढून उभी! बाईंना स्वतःची भयंकर लाज वाटली.

सकाळी त्यांनी आपली करामत पुसली आणि मूळ फंक्शन चालवलं. ते जुन्याच उद्धटपणे म्हणालं, माहीत नाही.

बैठकीत डॉक्टरसाहेब लाल झाले. “काल उत्तर होतं, ते आज कुठे गेलं?”

“कालचं उत्तर माझ्या आगाऊपणाचं होतं,” बाई म्हणाल्या. “जे आले नाहीत त्यांना विचारल्याशिवाय गोळी सुरू करू नका. फोन मी करते.”

साहेबांनी कपाळाला हात लावला, पण बैठक पुढे ढकलली.

पहिला फोन बाईंनी घरीच लावला. “वन्सं, शून्य ते दहा, चक्कर किती यायची?”

पलीकडे शांतता. बाईंच्या ओठांवर एक आकडा आलासुद्धा. त्यांनी तो गिळला आणि भिंतीकडे बघत बसून राहिल्या.

“वहिनी?” शेवटी नणंदेचा घाबरा आवाज आला. “आहेस ना गं? एवढा वेळ तू बोलली नाहीस, मला वाटलं फोन बंद पडला.”