टेंभरे सरांच्या दुर्बिणीतला ‘प्ले’

गोंदियाजवळच्या गोरेगावात आमचं आकाश बघणाऱ्यांचं टोळकं आहे. टोळकं म्हणजे तिघंच! भूगोलातून रिटायर झालेले टेंभरे सर, फिजिक्सच्या वैशाली मॅडम आणि मराठी शिकवणारा मी. दुर्बीण सरांची, गच्ची सरांची, चहा टेंभरे काकूंचा. इतक्या दिवसांत तारे किती पाहिले ते विचारू नका. पण गच्चीवरून उतरताना दरवेळी एखादा किस्सा खिशात पडलेला असायचा.

*

दुर्बिणीच्या स्टँडला मोटार आहे. रिमोटचं बटण दाबलं की दुर्बीण वळते, असं डब्यावर लिहिलेलं. पहिल्याच संध्याकाळी सरांनी चंद्रावर दुर्बीण लावून बटण दाबलं. मोटार घुंईं करतेय, पण चंद्र जागचा हलत नाही!

मी म्हटलं, “सर, बिघडली वाटते.”

सर शांत. “थांब जरा. सिग्नल जाऊन राहिला चंद्रावर!”

तेवढ्यात दुर्बिणीनं असा हिसका दिला की चंद्र गायब आणि समोर शेजाऱ्यांची पाण्याची टाकी!

*

वैशाली मॅडमनी निदान केलं. गेअरच्या दातांमध्ये फट आहे. मोटार आधी ती फट भरते, मग दुर्बीण हलते. याला ‘प्ले’ म्हणतात.

काकू चहा घेऊन आल्या. “का झालं इले?”

“प्ले आहे तिच्यात,” सर गंभीरपणे म्हणाले.

“प्ले म्हंजे खेळ ना? मंग खेळून तं तुमीच राहिले!”

*

उपाय सोपा होता. स्क्रू सैल करायचे, दोन्ही गेअर किंचित जवळ सरकवायचे आणि पुन्हा आवळायचे. मॅडम दहादा म्हणाल्या, “सर, थोडंसंच!” पण सरांचा हात शेतातल्या ट्रॅक्टरचे नट आवळून बसलेला. त्यांनी दात-ओठ खाऊन पाना फिरवला.

मॅडमनी बटण दाबलं. खर्रर्र... मग काहीच नाही.

“सर, प्ले गेला.”

“मी का म्हणलो होतो!”

“मोटारही गेली.”

*

नवी मोटार आली. गेअरला ग्रीस लावायचं ठरलं. घरात ग्रीस नव्हतं, म्हणून सरांनी काकूंचं खोबरेल तेल चोपडलं! डिसेंबरातली गोंदियाची थंडी. तेल गोठलं आणि दुर्बीण तोंड वर करून तशीच थिजली.

सकाळी सर तिला उन्हात ठेवून बसलेले. काकू दारातूनच म्हणाल्या, “तेल लावलं, ऊन दाखवलं. आता तीट लावा, नजर लागंन!”

*

देवरीकडच्या एका शाळेत कार्यक्रम होता. मॅडमनी युक्ती काढली. दुर्बीण एका बाजूला जराशी जड ठेवायची, म्हणजे दात एकमेकांना चिकटून राहतात आणि फट जाणवत नाही. वजन म्हणून आम्ही सरांनी वाटेत घेतलेली लाखोरीच्या पालेभाजीची पिशवी टांगली. गुरू ग्रह मस्त दिसायला लागला. गावातले लोक रांगेत उभे.

सरपंचबाई पुढे आल्या, डोळा लावला. “काऊन जी, इथं तं काहीच नाही. गुरू कुठं गेला?”

मी मागे वळून पाहिलं. पिशवी रिकामी!

“बकरीनं खाल्ला, बाई!”

*

शेवटी मॅडमनी सरांना गच्चीच्या जिन्यावर बसवलं आणि स्वतः पाना घेतला. किंचित आवळायचं, बटण दाबून पाहायचं, पुन्हा किंचित. दुपारभर हेच. संध्याकाळी दुर्बीण शनीवर लावली. कडं स्वच्छ! चहा होईस्तोवर शनी मधोमध ठाम उभा.

सर जिन्यातून खाली काकूंकडे पाहत हळूच म्हणाले, “हिले बोलावू का?”

त्यांनी का विचारलं ते आम्हाला ठाऊक होतं. सरांची मुलगी सोनू नागपूरला नोकरीला. तिची ठरलेली सोयरीक मुलाकडच्यांनी पत्रिकेतल्या शनीचं नाव सांगून मोडली होती. गल्लीतल्या बायका विचारतात म्हणून पोरगी तेव्हापासून घरी आलीच नव्हती.

काकू आल्या. पदर सावरून डोळा लावला.

“हाच का तो?”

“हाच,” सर म्हणाले.

“हलून नाही राहिला?”

“मोटार धरून ठेवते त्याले.”

काकूंनी फोन काढला, नागपूरला लावला. एक डोळा दुर्बिणीलाच.

“सोनू, पाहून घेतलं व मी त्याले. इतकुसा आहे, तांदळाच्या कणीएवढा! तुया बापानं धरून ठेवला आहे. तू ये घरी.”