आठातले दोन जीबी

बायकोलासुद्धा हे ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका, माझं मलाच कळत नाही.

रत्नागिरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. पूर्वी माझा मामेभाऊ संजू माझ्याकडे कामाला होता. हात चांगला, बोलायला मात्र गरीब. मिरकरवाड्यातल्या एका बर्फ कारखान्याच्या ऑफिसातला कॉम्प्युटर त्याने साफ केला, आतला मेलेला सेल बदलला आणि पोचवून आला. दुसऱ्या दिवशी मालक मशीन घेऊन दुकानात हजर. मेमरी आठ जीबी होती, आता सहाच दाखवतोय — वरचे दोन कोणी खाल्ले? दुकानात गिऱ्हाइकं उभी. आणि मी शहाणा, मशीन न उघडताच संजूवर ओरडलो. चोर म्हणालो त्याला, सगळ्यांसमोर.

दुपारी दुकान बंद करून मशीन उघडलं. मेमरीची पट्टी जागच्या जागी होती. अहो, ज्या मशीनला वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं, ते पडद्यावरच्या चित्रासाठी ह्याच मेमरीतला वाटा बाजूला काढतं. सेल काढला की जुनी सेटिंग पुसली जाते, आणि कधी कधी तो वाटा वाढतो. मला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. रागात सुचलं नाही, एवढंच. वाटा कमी केला, आकडा नीट झाला.

मग मालकांना फोन करून खरं सांगायचं की नाही? मी काय सांगितलं — माझ्याकडची मेमरी घातली, तुमचं नुकसान नको. केवढे खूश झाले ते! असा प्रामाणिक माणूस बघितला नाही म्हणून गावभर सांगत सुटले.

संध्याकाळी संजू आला. म्हणाला, "दादा, चल देवळात. देवासमोर नारळ ठेवून सांगतो, मी काय घेतलं नाय." आमच्याकडे नारळ ठेवून खोटं बोलायची कोणाची छाती होत नाही. निदान तेव्हा तरी तोंड उघडायचं — पण नाही, मी घाबरलो. त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "नारळ कशाला? मी तुला माफ केलं."

माफ केलं! मी, त्याला. इतका नीच मी आहे, हे मलाही त्या दिवशीच कळलं.

तो गेला. नंतर रत्नागिरीतल्या एकाही दुकानाने त्याला दारात उभं केलं नाही. मिरजोळ्यात एका कारखान्यात तो माल चढवतो-उतरवतो, अजूनही.

परवा तो आपल्या मुलीचा नवा लॅपटॉप घेऊन आला. त्यातही आठच्या जागी सहा दिसत होते. लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि हात पाठीमागे बांधून लांब उभा राहिला. म्हणाला, "तूच बघ, दादा. मी हात लावत नाय."

मी सेटिंग बदलली. आकडा वर आला. तो पडद्याकडे बघत हळूच म्हणाला, "म्हणजे मेमरी कोणी काढली नव्हती?"

"ह्यातली नाही," मी म्हणालो.

त्याने मान डोलावली आणि लॅपटॉप पिशवीत घातला.