परदेशी बातमीतला ऊस

पिंपळी गावची सून संस्कृती एका संशोधन संस्थेच्या बातम्या इंग्रजीतून परदेशी वृत्तपत्रांना पाठवते. कमी पाण्यावर वाढणाऱ्या उसाची बातमी तिनेच लिहिली होती. प्रयोग तिचे सासरे मोहनराव यांच्या रानात झाला होता. यंदा तो ऊस वाळला. दुरुस्ती पाठवण्याची परवानगी तिने संस्थेकडे दोनदा मागितली. "अंतिम निष्कर्षापर्यंत थांबा," असे उत्तर आले.

आज एक परदेशी पत्रकार मोहनरावांच्या बांधावर आला.

"सूनबाई, सायबाला सांग, ह्यो ऊस न्हाय, चिपाड हाय."

नोकरी जाईल हे जाणूनही तिने ते शब्दशः सांगितले. पत्रकार नम्रपणे हसला. त्याची बातमी सकाळीच पाठवून झाली होती, असे तो म्हणाला. आता केवळ छायाचित्र हवे होते.

"काय म्हनला गं?"

पुढचे वाक्यही तिलाच मराठीत सांगावे लागले.

"आबा, शेजारच्या हिरव्या रानात उभं राहा म्हणतोय."