गुरुबसप्पाची सत्तावीस पानं

सिद्धेश्वराच्या वाटेवर गुरुबसप्पा पोपट घेऊन बसे. पोपट पिंजऱ्यातून बाहेर यायचा, चित्रांच्या सत्तावीस पानांतलं एक चोचीनं ओढायचा आणि गुरुबसप्पा त्यावरून माणसाचं पुढचं सांगायचा. चौऱ्याहत्तर साली त्यानं सुनेला, दाक्षायणीला, शिकायला शेजारी बसवलं. "दिवाळीपतोर शिकलीस तर ही जागा तुजी. न्हाईतर पोपट सोडून देणार," म्हणाला. म्हातारा बोलला म्हणजे करणारच.

दाक्षायणीनं पानं आठ दिवसांत तोंडपाठ केली. मारुती निघाला की दुखणं हटतं, लक्ष्मी निघाली की पैसा, शनी निघाला की साडेसाती. बाईला वाटलं, झालं की. आता एवढ्यावर भविष्य कळत असतं, तर गल्लीतलं शेंबडं पोरही ज्योतिषी झालं असतं.

एका सकाळी मंगळवेढ्याची बाई समोर बसली. लक्ष्मीचं पान निघालं. दाक्षायणी घडाघडा बोलली, "मालकाच्या हातनं घरात पैसा येतोय बघा." बाई पदर तोंडाला लावून उठून गेली.

"नवरा न्हाई तिला," गुरुबसप्पा मान वर न करता म्हणाला. "सुपारी ठेवायला हात फुडं केला तवा बांगडी वाजली का?"

धरणीनं पोटात घ्यावं असं तिला झालं. आपण टकामका चित्र बघत राहिलो, आणि ह्यानं न बघता बाई ओळखली. त्या दिवसापासून ती पानाआधी माणूस बघू लागली.

धनत्रयोदशीला गुरुबसप्पा उठून गिऱ्हाइकाच्या जागी बसला. "इचार पोपटाला. माजी नजर परत येईल का?"

तिनं चमकून त्याच्या डोळ्यांपुढं हात हलवला. पापणी लवली नाही.

"तीन वर्सं झाली," तो म्हणाला. तीन वर्षं एकाच घरात राहून तिला पत्ता नव्हता, आणि ह्या आंधळ्यानं अख्ख्या सोलापूरची माणसं वाचली होती.

पोपटानं शनी ओढला. मारुती निघाला म्हणून सांगितलं असतं तरी म्हाताऱ्याला कुठं दिसणार होतं? पण तिची जीभ रेटेना. "शनी हाय, मामा. नजर न्हाई यायची. पर मी हाय की शेजारी."

त्यानं पान हातात घेऊन अंगठा फिरवला. पोपटानं कुरतडलेला एकेक कोपरा त्याच्या ओळखीचा होता. "शनीच की," तो म्हणाला. "मारुती म्हनाली असतीस, तर आत्ताच सोडला असता ह्याला."

मग त्यानं चाचपून पिंजरा तिच्याकडे सरकवला.